तीस वर्षे तलवारबाजी शिकवणारे सर निवृत्त होत आहेत. त्यांचे शिकवणे मागे कसे राहील?

तलावपाळीकर, ठाणे (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. ठाण्यातील ज्या लहानशा केंद्रात माझी मुलगी सहा वर्षांपासून फेन्सिंग शिकते आहे, तेथील सर येत्या मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त होत आहेत. एका शाळेच्या सभागृहात, शाळा सुटल्यानंतर बाके बाजूला सारून आणि फरशीवर चिकटपट्टीने 14 मीटरची पिस्ट, म्हणजे लढतीची पट्टी, आखून त्यांनी हा वर्ग तीस वर्षे चालवला. सुरुवातीच्या काळात दांडपट्ट्यासारखे काहीतरी शिकवले जात असेल अशा समजुतीने पालक येत असत. फॉइल आणि इपी या शस्त्रांत केवळ टोकाचा स्पर्श मोजला जातो, धारेचा वार चालतो तो फक्त सेबरमध्ये, हे सर प्रत्येक नव्या पालकाला न कंटाळता समजावून सांगत. मलाही त्यांनी ते दोनदा सांगितले आहे.

पालकांच्या समितीने सत्कार ठरवला आहे. शाल, श्रीफळ आणि मानपत्र हे सर्व यथायोग्य होईल, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी चिंता जूनपासूनच्या दिवसांची आहे. सर जाड चामड्याचे जॅकेट घालून प्रत्येक मुलाला वीस मिनिटांचा स्वतंत्र लेसन देतात आणि त्या वेळात फार थोडे बोलतात. ते अर्धे पाऊल मागे सरतात, पाते किंचित खाली सोडतात, आणि समोरच्या मुलाने त्यावरून ओळखायचे असते की आता लंज, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून हल्ला, करायचा आहे की थांबायचे आहे. हे कोणत्याही पुस्तकातून मिळणारे नाही. वर्ग पुढे चालवण्याची तयारी दोन ज्येष्ठ खेळाडूंनी दाखवली आहे, परंतु त्यांनी आजवर लेसन घेतले आहेत, दिलेला एकही नाही. आपल्या हातात पाच महिने आहेत. सरांच्या लेसनचे चित्रीकरण करून ठेवावे असे काहींचे म्हणणे आहे. तेवढे पुरेल का?

ऐरोलीकर

मी याच सरांचा जुना विद्यार्थी आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

चित्रीकरण अवश्य करा, पण त्यावर विसंबू नका. चित्रात पाते दिसते; पात्यावर सरांनी दिलेला दाब दिसत नाही, आणि लेसनचा सारा संवाद त्या दाबात असतो. मी डावखुरा आहे. वर्गात मी एकटाच डावखुरा असल्याने बाकीची मुले माझ्यापुढे गोंधळत, तेव्हा सरांनी जवळजवळ एक महिना सर्वांना डाव्या हाताने लेसन दिले. त्यांचा डावा हात तेव्हा इतका तयार नव्हता; सकाळी लवकर येऊन ते भिंतीवरच्या गादीवर एकटेच सराव करत असत, हे मी पाहिलेले आहे.

आता मुद्द्याचे सांगतो. उत्तम खेळाडू बहुधा सुरुवातीला वाईट लेसन देतो, कारण समोरून येणारे टोक अडवण्याची त्याच्या हाताला सवय असते. लेसन देणाऱ्याला नेमके उलट करावे लागते. त्याने ठरवून चूक करायची, ती मापात करायची, आणि मुलाची कृती योग्य क्षणी आली तरच टोच अंगावर घ्यायची. क्षण चुकला तर पॅरी करून, म्हणजे त्याचे पाते अडवून, लगेच रिपोस्ट, म्हणजे उलट टोच, द्यायचा; त्यामुळे मुलाला न सांगता कळते. इपीमध्ये दोन्ही खेळाडूंचे स्पर्श एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत झाले तर दोघांनाही गुण मिळतो. एवढ्या बारीक अंतराची जाण मुलाला यायची असेल, तर शिकवणाऱ्याचे मनगट रोज तेवढ्याच अचूकपणे, कधी किंचित लवकर आणि कधी किंचित उशिरा, उघडे पडले पाहिजे. सरांच्या मनगटावरचे वळ मी विसरू शकत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की उद्यापासून आठवड्यातले दोन दिवस लेसन तिघांचा करावा: लहान मूल, त्याला लेसन देणारा ज्येष्ठ खेळाडू, आणि त्या खेळाडूच्या मागे उभे असलेले सर. सरांनी त्याच्या कोपराला हात लावून सांगावे की आता उघड, आता झाक. याखेरीज दुसरा मार्ग मला दिसत नाही. आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करा. मोठी मुले लेसन देणाऱ्याची चूक सांभाळून घेतात, त्यामुळे त्याला ती कळतच नाही. लहान मुलांसमोर ती लगेच उघडी पडते.

नेरूळचा प्रशिक्षक

वरील सूचना योग्य आहे. मी त्यात दोन गोष्टी जोडू इच्छितो.

पहिली म्हणजे सामानाची. प्रत्येक केंद्रात शस्त्रांची दुरुस्ती एकाच माणसाला येते आणि तो माणूस बहुधा प्रशिक्षकच असतो. आपल्याकडची पावसाळी हवा पात्यांना आणि धातूच्या धाग्यांनी विणलेल्या लामे जॅकेटांना फार त्रास देते. घामाने भिजलेल्या जॅकेटाबरोबर पाती बंद पिशवीत राहिली तर गंज चढायला वेळ लागत नाही, आणि लामेवर काळे डाग पडून वीज पोहोचेनाशी झाली की स्पर्श होऊनही तो नोंदवणाऱ्या यंत्राचा दिवा लागत नाही. फॉइलचे टोक 500 ग्रॅमचे आणि इपीचे 750 ग्रॅमचे वजन उचलते की नाही, हे तपासायला सरांकडे वजने असतील. ती कशी वापरायची, टोकातली स्प्रिंग केव्हा बदलायची, शस्त्राला त्या यंत्राशी जोडणारी, जॅकेटच्या आतून जाणारी बॉडी वायर कुठे तुटली आहे हे कसे शोधायचे, हे सर्व जूनपूर्वी किमान दोघांना आले पाहिजे.

आणि हा केवळ खर्चाचा विषय नाही. 1982 साली रोममधील जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचे फॉइल तुटून त्याचे पाते मास्कमधून आत गेले आणि सोव्हिएत संघाचे ऑलिम्पिक विजेते व्लादिमिर स्मिर्नोव्ह मृत्युमुखी पडले. त्यानंतर मास्क, जॅकेट आणि पात्यांचे निकष पुष्कळ कडक झाले. परंतु निकष कितीही कडक असले तरी बारीक चीर गेलेले पाते वेळीच ओळखून बाजूला काढणारा डोळा लागतोच. सरांचा तो डोळा कोणीतरी त्यांच्या शेजारी बसूनच घेऊ शकेल.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. ‘सर, आठवड्यातून एकदा तरी याच’ असा आग्रह कृपया करू नका. तीस वर्षे एकच पाय पुढे टाकून लंज केलेल्या आणि त्याच बाजूने शेकडो मुलांचे लंज अंगावर घेतलेल्या माणसाचे गुडघे आणि कंबर कशा अवस्थेत असतात, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. थांबण्याचा निर्णय त्यांनी विचार करूनच घेतला असणार. काय झेपेल ते त्यांनाच ठरवू द्या.

वाशीची आई

माझी मुलगी सेबर खेळते आणि याच सरांकडे शिकण्यासाठी रोज ट्रान्स-हार्बरच्या गाडीने ठाण्याला जात असे. सरांनी मुलींना सेबर शिकवायला सुरुवात केली तेव्हा महिलांचे सेबर ऑलिम्पिकमध्ये नव्हते. ते 2004 साली अथेन्सला आले. पुढे 2021 साली टोकियोत भवानी देवी भारताकडून ऑलिम्पिक खेळणारी पहिली तलवारबाज झाली, तीही सेबरमध्येच. पहिली लढत तिने 15-3 अशी जिंकली आणि दुसरी 7-15 अशी गमावली. त्या दिवशी सरांचा फोन आला. आनंद व्यक्त करून झाल्यावर त्यांनी माझ्या मुलीला सांगितले, ‘हरलेल्या लढतीतले सात गुण कसे मिळाले, ते वहीत लिहून आण.’

सर प्रत्येक मुलाला वही ठेवायला लावत आणि तिच्यात स्वतःच्या हाताने शेरे लिहीत. माझ्या मुलीच्या चार वह्या मी जपून ठेवल्या आहेत. जुन्या विद्यार्थ्यांकडून अशा वह्या मागवून घेतल्या, तर कोणत्या वयाच्या मुलाला कोणत्या टप्प्यावर काय सांगितले, हे सरांच्याच शब्दांत मिळेल. त्यांच्या प्रती काढण्याचे काम मी करीन.

तलावपाळीकर, ठाणे

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मी सरांशी बोललो. तिघांच्या लेसनची कल्पना त्यांनी ऐकताक्षणी मान्य केली, मंगळवार आणि शुक्रवार ठरवले, आणि पहिल्या दिवसासाठी वर्गातल्या सर्वांत चुळबुळ्या मुलाचे नाव स्वतः सुचवले. जूनपासून ते पिस्टवर उभे राहणार नाहीत, याबाबत ते ठाम आहेत. मात्र महिन्यातल्या पहिल्या शनिवारी खुर्चीवर बसून शस्त्रे तपासायला येईन, असे ते आपणहून म्हणाले. नेरूळच्या सरांनी लिहिल्याप्रमाणे आम्ही त्याहून अधिक काही मागितले नाही.

वाशीच्या ताई, वह्यांचे ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग ‘अक्षर वाचता येईल ना?’ एवढेच म्हणाले. आपण वह्या पाठवाव्यात. आणखी सात जणांनी होकार कळवला आहे.

आता एक अडचण उरली आहे. लेसन देण्याचे चामड्याचे जॅकेट केंद्रात एकच आहे, ते सरांच्या मापाचे आहे, आणि लेसन द्यायला शिकणाऱ्या दोघांपैकी एक मुलगी अंगाने बारीक आहे. सैल जॅकेट खांद्यावरून सरकते आणि गळ्यापाशी फट राहते, म्हणून सरांनी ते वापरायला मनाई केली आहे. ऐरोलीकर किंवा नेरूळचे सर, आपल्यापैकी कोणाकडे लहान मापाचे जॅकेट असल्यास मंगळवारपूर्वी कळवावे; मी स्वतः येऊन घेऊन जाईन.