सी-५ : रात्री श्वास अडकतो, ऑक्सिजन लावूनही सकाळी डोकं जड

लष्करवाला (ग्वाल्हेर)
भाऊ, वय ३४, सी-५ कम्प्लीट (मानेतल्या पाचव्या पातळीवर मज्जारज्जूला पूर्ण इजा, त्याखाली हालचाल-संवेदना नाही), दोन वर्षं झाली. रात्री घोरतो, मध्येच श्वास थांबतो नि दचकून जागा होतो. ऑक्सिमीटरवर ८५ दिसलं म्हणून कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन) भाड्याने आणला, मिनिटाला २ लिटरवर ठेवतो. आकडा ९५ आला, पण सकाळची डोकेदुखी वाढली आणि अकराच्या सुमारास खुर्चीतच डुलक्या. श्वास सोपा जावा म्हणून तीन उशा देतो. बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध) आणि झोपेची अर्धी गोळी चालू आहे. थंडी पडल्यापासून कफही निघत नाही. काय चुकतंय?

श्वसन_फिजिओ
कॉन्सन्ट्रेटरचं आधी. ऑक्सिमीटर फक्त ऑक्सिजन दाखवतो, कार्बन डायऑक्साइड नाही. छाती-पोटामधल्या पडद्याची (डायफ्रामची) नस मानेतल्या सी-३, ४, ५ मधून निघते, म्हणून भाऊ स्वतः श्वास घेतो. पण बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू बंद आहेत. झोपेत श्वास आणखी उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड आत साठतो. त्यात नुसता ऑक्सिजन सोडला की आकडा छान दिसतो आणि साठा वाढतच जातो. सकाळची डोकेदुखी, दिवसाच्या डुलक्या त्याच्याच.

मशीन स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना आजच फोन करा. पहाटे उठल्या उठल्या एबीजी (धमनीच्या रक्तातले वायू मोजणारी तपासणी) आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारी स्लीप स्टडी (रात्रभर झोपेतली तपासणी) मागा. तुमच्या ग्वाल्हेरच्या जयारोग्य हॉस्पिटलच्या छाती विभागात विचारून घ्या. फक्त घसा मिटत असेल तर सीपॅप (मास्कमधून सतत एकाच दाबाने हवा देणारं मशीन) पुरतो. कार्बन डायऑक्साइड चढलेला असेल तर बायपॅप (श्वास घेताना जास्त, सोडताना कमी दाब देणारं मशीन), तोही बॅकअप रेट असलेला, म्हणजे श्वास थांबला तर स्वतःहून श्वास देणारा, एस/टी मोडचा. भाऊ उठवून नीट उठत नसेल, बरळत असेल, तर वाट न बघता इमर्जन्सीत न्या.

झोपेची गोळी घसा आणखी सैल करते, तिचं डॉक्टरांशी बोला. बॅक्लोफेन मात्र एकदम थांबवायचं नाही, झटके येऊ शकतात.

खाट_क्र_७
तीन उशांनी हनुवटी छातीकडे वळते, घसा दबतो. आणि मानेच्या दुखापतीत गणित उलटं असतं: सपाट झोपल्यावर पोट पडद्याला वर ढकलून ठेवतं, त्यामुळे पडद्याला खाली यायला जागा मिळते. बसल्यावर पोट पुढे सुटतं आणि श्वास आखूड होतो. म्हणून पोटाचा पट्टा बसताना बांधायचा, झोपताना काढायचा. रात्री एकच पातळ उशी. पाठीमागे लोड देऊन कुशीवर वळवा. कूस तर बेडसोरसाठी बदलावीच लागते, घोरणंही त्याने कमी होतं. आणि रजई छाती-पोटावर तीनपदरी नको, एक हलकी पुरे.

श्वसन_फिजिओ
कफाबद्दल. पोटाचे स्नायू जे करत नाहीत ते तुमच्या हातांनी करायचं. तळहाताचा मनगटाकडचा भाग बेंबी आणि छातीच्या हाडाच्या टोकाच्या मधोमध. हाडावर नाही, बरगडीवर नाही. भावाने दोन-तीन खोल श्वास घेऊन शेवटचा रोखायचा. तो खोकतो त्याच क्षणी आत आणि वर झटका द्या. क्षणभर उशीर झाला तर नुसतं पोट दाबलं जातं. चार-पाच खोकले, मग विश्रांती. जेवणानंतर दोन तास नाही. बरगडी मोडलेली असेल किंवा पोटाच्या शिरेत रक्ताच्या गुठळ्या अडवणारा फिल्टर बसवलेला असेल तर अजिबात नाही.

श्वासच अपुरा असेल तर अंबू बॅगने (हाताने दाबून हवा भरायच्या पिशवीने) श्वास न सोडता तीन-चार वेळा हवा भरून मग खोकवतात. हे आधी फिजिओसमोर शिका. खोकल्याचा वेग पीक फ्लो मीटरवर मोजून ठेवा: मिनिटाला २७० लिटरच्या खाली असेल तर सर्दीत कफ अडकण्याची भीती, १६० च्या खाली तर साध्या दिवशीही.

इन्व्हर्टर_बाबा
बायपॅप घेतलात तर त्याचा मास्क भावाला स्वतः काढता येणार नाही, हे दुकानदाराला आधी सांगा. उलटी झाली तर तोंड झाकणारा मास्क धोक्याचा. नाकापुरता बसत असेल तर तोच. गालाजवळ मोठ्या बटणाची घंटा बांधा, मान वळवली की दाबली जावी अशी. नाकाच्या हाडावर रोज सकाळी लाली बघा, मास्कचा पट्टा ओढून घट्ट केलात तर तिथे जखम होते.

वीज गेली तर: मशीनमधला पाण्याचा हीटर बंद असताना ते फार थोडी वीज घेतं, पाणी तापवायला लागलं की बॅटरी झपाट्याने उतरते. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर बदलताना मशीन बंद पडतं. पाण्याच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटरच, नळाचं नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. गरम पाण्याची पिशवी तर नाहीच, त्याला चटका कळणार नाही.

लष्करवाला
आभार. डोकं कधीकधी रात्रीही एकदम ठणकतं, कपाळाला घाम येतो. तेही हेच का?

श्वसन_फिजिओ
नाही, ते वेगळं वाटतं. अचानक ठणका, घाम, चेहरा लाल आणि बीपी नेहमीपेक्षा २०-४० ने चढलेलं असेल तर ती डिसरिफ्लेक्सिया (इजेखाली काही टोचलं-अडलं की बीपी अचानक चढणं). लगेच उठवून बसवा, पाय खाली सोडा, पट्टा-कपडे सैल करा. मग कॅथेटर (लघवीची नळी) बघा: नळी मुडपली का, युरो बॅग (लघवीची पिशवी) भरली का. त्यानंतर पोट साफ आहे का, चादरीची घडी टोचते का. बीपी उतरेपर्यंत दर काही मिनिटांनी मोजत राहा. कारण सापडलं नाही किंवा बीपी उतरलं नाही तर सरळ हॉस्पिटल.