'द सिक्रेट गार्डन'मधली बाग दहा वर्षांनी खरंच जगेल का?

वाचनकट्टा:
फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या 'द सिक्रेट गार्डन' या बालकादंबरीवर (१९११) मुलांच्या गटात चर्चा घ्यायची आहे. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या मिसलथ्वेट मॅनर या वाड्याची ही बाग दहा वर्षं कुलूपबंद, तरी तिथे राहायला आलेल्या अनाथ मेरीला तिथले गुलाब जिवंत सापडतात. बागकाम जाणणाऱ्यांना हे पटतं का? आणि तिचा अंथरुणाला खिळलेला भाऊ कॉलिन, त्याचं चालायला लागणं कसं समजवायचं? मुलं 'जादू' म्हणून मोकळी होतील.

हिरवा_कोंब:
पटतं, आणि त्याची सोय लेखिकेनेच करून ठेवली आहे. अकराव्या प्रकरणात मेरीचा मित्र डिकन फांदीला चाकू लावून आतला हिरवा भाग दाखवतो. त्याच भेटीत त्याला शंका येते की बाग बंद झाल्यानंतरही इथे कुणीतरी थोडी छाटणी केली आहे. उलगडा होतो थेट बाविसाव्या प्रकरणात: म्हातारा माळी बेन वेदरस्टाफ भिंत चढून येत असे, संधिवातामुळे दोन वर्षांपूर्वी थांबला. मुलांना हा दुवा आधी सांगू नका, त्यांना शोधू द्या.

डिकनची परीक्षा खरीच आहे. शेंड्याकडून सुरुवात करून नखाने साल जराशी खरवडायची. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं असेल तर आणखी खाली सरकायचं. हिरवं लागेल तिथे बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या कळीच्या) किंचित वर तिरका काप द्यायचा. लोक फक्त शेंडा बघतात आणि बुंध्याशी जिवंत असलेलं झाड उपटून टाकतात. दुसरा धोका कलमी गुलाबांचा. दुर्लक्ष झालं की खुंटाचे (ज्या मूळ झाडावर कलम बांधलेलं असतं त्याचे) फुटवे जोर धरतात आणि वरचं कलम मरतं. ते वरवर कापले तर पुन्हा येतात. माती बाजूला करून मुळापासून ओढून काढावे लागतात.

वाचनकट्टा:
आणि मेरीला बागेत जमिनीतून वर आलेले दिसतात ते हिरवे कोंब?

माती_आणि_कंद:
स्नोड्रॉप, क्रोकस, डॅफोडिल. कंद जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात, नवे कंदही धरतात. मेरी टोकदार लाकडाने कोंबांभोवतीचं गवत काढते, ते योग्यच. दाट गवतात त्यांना उजेड आणि जागा मिळत नाही. फुलं गेल्यावर पानं किमान सहा आठवडे कापू नयेत, पुढच्या फुलांचा साठा त्यांतूनच कंदात जातो. फार दाटी झाली की नुसती पानं येतात. मग पानं पिवळी पडल्यावर कंद उकरून वेगळे लावायचे.

पानोपानी:
कॉलिनबद्दल. त्याला कुबड येण्याची भीती असते. सतराव्या प्रकरणात मेरी त्याची पाठ तपासते, कुबड नसतंच. लंडनच्या डॉक्टरने त्याआधीच पाठीचा लोखंडी पट्टा काढायला लावून मोकळी हवा सांगितलेली असते. पाय अशक्त झालेत ते अंथरुणात पडून राहून. त्याचे पाय वाकडे आहेत का, या बेनच्या बोलण्याने संतापून तो उभा राहतो, पण खरी ताकद येते ती नंतर, चोविसाव्या प्रकरणात: डिकन गावच्या पहिलवानाकडून, बॉब हॉवर्थकडून, व्यायाम शिकून येतो आणि कॉलिन तो हळूहळू वाढवत नेतो. जोडीला डिकनच्या आईने पाठवलेलं दूध, पाव आणि रानात भाजलेले बटाटे-अंडी. ही दोन प्रकरणं एकाच बैठकीत वाचा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा: कॉलिनच्या कण्याला आजारच नव्हता. गटात एखादं मूल चाकांच्या खुर्चीवर असेल तर 'मनात आणलं की चालता येतं' असा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचता कामा नये.