खोकला वाढला म्हणून पुन्हा सिगारेट पेटवू नका

सिगारेट सोडल्यावर खोकला उलट वाढला, मग सोडून मिळवलं काय, असा प्रश्न आलाय. अहो, हे बरं होण्याचंच लक्षण असू शकतं. श्वासनलिकेत केसांसारखे बारीक तंतू असतात, कफ वर ढकलणं हे त्यांचं काम. धुरानं ते लुळे पडतात. धूर थांबला की पुन्हा हलायला लागतात, साठलेला कफ सुटतो, म्हणून काही आठवडे खोकला येतो. रक्त पडलं किंवा दम वाढला तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.

माझ्या थोरल्या भावानं इथं साताऱ्यातच सोडली. सुरुवातीला नुसती चिडचिड, झोप नाही, पोट साफ नाही. मग एका सकाळी चहाचा घोट घेऊन म्हणाला, "आज आलं जास्त पडलंय गं." आईचे डोळेच भरून आले, कित्येक वर्षांत त्यानं चवीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आता अजिंक्यताऱ्याची चढण न थांबता चढतो. वजन थोडं वाढलं, ते वाढतंच.

रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांतच उतरतो. हृदयविकाराचा जादा धोका साधारण वर्षभरात निम्म्यावर येतो. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढा. नाहीच जमलं तर १८००-११२-३५६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, तिथं फोन करा.