जुन्या ट्रकांच्या प्रदर्शनात गुणपत्रिका हवीच कशाला?

डबलक्लच
परीक्षक, गुणपत्रिका आणि करंडक हा सगळा प्रकार जुन्या ट्रकांच्या प्रदर्शनातून बंद करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. काही मंडळींना राग येईल, येऊ द्या.

गुण द्यायची ही रीत मोटारवाल्यांकडून उसनी आणलेली आहे. अँटिक ऑटोमोबाईल क्लब ऑफ अमेरिका ही १९३५ सालची जुनी संस्था. तिची ४०० गुणांची पद्धत प्रसिद्ध आहे. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशीच आहे का ते बघायचं, फरक दिसेल तिथे गुण कापायचे. मोटारीला हे शोभतं. ट्रकचं काय? तो कारखान्यातून निघायचा तो बहुधा नुसती चेसिस (खालचा सांगाडा) आणि केबिन घेऊन, कधी कधी केबिनसुद्धा नाही. हौदा, टाकी, क्रेन हे सगळं बाहेर दुसऱ्याच कारागिराकडे बसायचं, मालकाचा धंदा असेल तसं. आणि ट्रक विकला गेला की नवा मालक तेही बदलायचा. मग 'मूळ' म्हणजे नेमकं कुठल्या दिवशीचं?

ब्रिटनमध्ये कित्येक बेडफर्ड ट्रकांमधलं पेट्रोल इंजिन काढून पर्किन्स कंपनीचं पी-६ डिझेल इंजिन बसवलं गेलं, कारण डिझेलवर खर्च कमी यायचा. असा एखादा ट्रक आयुष्यभर पर्किन्सवर राबला असेल, तर परीक्षक त्याचे गुण कापणार. आणि ज्यानं हल्ली कुठून तरी पेट्रोल इंजिन पैदा करून आत टाकलं, तो करंडक घेऊन जाणार. हा इतिहास जपणं झालं का पुसणं?

शिवाय चकाकीची स्पर्धा लागते ती वेगळीच. चेसिसच्या आतल्या बाजूला रंगाचे थरावर थर, हौद्यात एक ओरखडा नाही, स्प्रिंगच्या पाट्यांवर ग्रीसचा डाग नाही. गाडी ट्रेलरवरून येते आणि ट्रेलरवरूनच जाते. सेल मारायला सांगा, मालक हळूच विषय बदलतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

अमेरिकन ट्रक हिस्टॉरिकल सोसायटी १९७१ पासून आहे. तिच्या वार्षिक संमेलनात गुण दिले जात नाहीत, तरी ट्रकांची रीघ लागते. मी तर म्हणतो, करंडकाच्या जागी फेरी ठेवा. प्रत्येक ट्रकनं स्वतःच्या इंजिनावर, जमल्यास माल लादून, मैदानाला एक चक्कर मारावी. बस्स.

मोजपट्टी
ज्या पद्धतीला नावं ठेवताय ती पूर्ण वाचलीत का? त्याच क्लबात, दुरुस्ती न करता मूळ अवस्थेत टिकवलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे. चालवत राहायच्या गाड्यांचाही आहे. ओरखड्यांना तिथे मान मिळतो. आणि ट्रेलरचं म्हणाल तर तो खुशाल आणा, गाडी जिवंत आहे का हे परीक्षकाला विचारता येतं. तुमच्या बिनगुणांच्या मेळाव्यात विचारणार कोण?

परीक्षक नसले की काय होतं तेही सांगतो. मॅक या अमेरिकन कंपनीच्या ट्रकच्या बॉनेटवर बुलडॉग कुत्र्याची छोटी मूर्ती असते. ती सोनेरी असेल तर इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे अ‍ॅक्सल सगळे मॅकचेच. त्यातलं काही दुसऱ्या कंपनीचं असेल तर बुलडॉग क्रोमचा. आता प्रदर्शनात फिरून बघा, सोनेरी बुलडॉग आणि बॉनेटखाली कमिन्स कंपनीचं इंजिन अशी जोडी सापडतेच. दिसायला छान म्हणून लावला, इतकंच. बघणारी पोरं तेच खरं धरून घरी जातात. कोणीतरी कागद घेऊन गाडीखाली वाकलंच पाहिजे.

पर्किन्सच्या बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत. पण तो दोष नियमाचा आहे, नियम बदला. गाडी कामावर असताना झालेला बदल कागदपत्रांनी किंवा जुन्या फोटोनं सिद्ध केला तर गुण कापू नयेत, एवढं एक वाक्य पुरेल.

लॉकरिंग
माल लादून फेरी?? सूचना करणाऱ्यानं जुन्या डिस्कवरच्या (टायर बसतो त्या लोखंडी चाकावरच्या) टायरमध्ये हवा भरताना कधी पाहिलंय का? दोन-तीन तुकड्यांच्या डिस्कची रिंग नीट बसली नसेल तर ती सुटून माणूस मारते. हवा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून भरायची ती उगाच नाही. त्यात हौशी गाड्यांचे टायर झिजत नाहीत, नुसते म्हातारे होतात. नक्षी नव्यासारखी आणि कडेला भेगा. ब्रिटनमध्ये २०२१ पासून मालट्रकच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर दहा वर्षांपेक्षा जुना टायर चालत नाही, ते कशासाठी?

ब्रेकचंही तेच. आजच्या ट्रकच्या ब्रेकमधली हवा उतरली की स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक आपोआप लागतो. स्प्रिंग ब्रेक येण्याआधीच्या गाडीत हवा उतरली की उरतो फक्त हातब्रेक, तोही कित्येकदा प्रोपेलर शाफ्टवरचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावरचा. अशी गाडी माल भरून गर्दीतून फिरवायची? गुण द्या किंवा देऊ नका, मला सोयरसुतक नाही. फेरीला मात्र माझा विरोध.

डबलक्लच
@लॉकरिंग, लंडन ते ब्रायटन ही जुन्या व्यापारी वाहनांची दौड १९६२ पासून चालू आहे. साधारण ६० मैल, वाहत्या रस्त्यावरून. जुन्या गाड्या चालवता येतात हो, चालवणारा हवा. मैदानाची एक फेरी म्हणजे काय आभाळ कोसळणार नाही. माल नको असेल तर रिकामी घाला.

मोजपट्टी
दाखला उत्तम दिलात! त्याच दौडीच्या शेवटी ब्रायटनच्या किनाऱ्यावर गाड्यांचं परीक्षण होतं आणि बक्षिसंही वाटतात. म्हणजे चालवणं आणि जोखणं एकत्र नांदू शकतं.

मैदानवाला
तुमचं चालू द्या. मी बरीच वर्षं गाड्या लावून घेण्याच्या कामात आहे. आमच्या डोक्याला ताप करंडकाचा नसतो. पावसानंतरच्या ओल्या गवतावर दहा टनांची गाडी रुतली की मागच्या सगळ्यांची रांग खोळंबते, हा ताप. मेकप्रमाणे (एका कंपनीच्या एकत्र) लावायच्या का आल्या क्रमानं, यावर दरवेळी भांडण. मेकप्रमाणे लावल्या तर दिसतात झकास, पण एकाला उशीर झाला की मधे दात पडल्यासारखी फट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लवकर निघणारे. बक्षीस जाहीर झालं रे झालं की हरलेले एकदम इंजिनं चालू करतात. हवेचा दाब तयार होईपर्यंत तिथेच धूर, आणि तेवढ्यात पोरं चाकांच्या मधून पळतायत.

फेरी ठेवायची तर दोर बांधून वेगळा मार्ग, प्रत्येक गाडीपुढे पायी चालणारा एक माणूस, आणि उभ्या गाडीच्या चाकाखाली ठोकळे. एवढी माणसं देता का कोणी? मत द्यायला शंभर, झेंडी धरायला कोणी नाही.

कॅबओव्हर८२
मला परीक्षक हवेत, आणि कारण जरा स्वार्थी आहे. माझी गाडी चपट्या तोंडाची, इंजिनावर केबिन असलेली. अमेरिकेत संपूर्ण गाडीच्या लांबीवर मर्यादा होती तोवर या गाड्यांना भाव होता, कारण केबिन आखूड म्हणजे ट्रेलर लांब. १९८२ च्या कायद्यानं राष्ट्रीय महामार्गांवरची ती मर्यादा उठली, लांब नाकाच्या गाड्या परत आल्या आणि आमच्या भंगारात गेल्या. आता प्रेक्षकांच्या मतानं बक्षीस ठेवलं की ते दरवेळी लांब बॉनेट, दोन चकचकीत धुराडी आणि ढीगभर दिव्यांना जातं. माझ्या गाडीसमोर थांबून केबिन कशी उलटते हे विचारणारा माणूस बहुतेक वेळा परीक्षकच असतो.

डबलक्लच
@कॅबओव्हर८२, मग त्या माणसानं विचारावं, बघावं, चार ओळी लिहून मालकाच्या हाती द्याव्यात. बुलडॉग चुकीचा असेल तर तेही लिहावं. आकडा कशाला? ३७२ आणि ३६८ गुणांच्या दोन ट्रकांत फरक काय, हे देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. शेरा लिहा, बेरीज करू नका.

मोजपट्टी
बेरीज नसेल तर शेरा गुळमुळीत होतो. 'छान गाडी, थोडं काम बाकी' असं लिहून मोकळे होतील. गुण कापायचा म्हटला की कारण लिहावंच लागतं. मी बेरीज सोडणार नाही.

मैदानवाला
निकाल तरी सगळ्यात शेवटी लावा, गर्दी पांगल्यावर. आणि @डबलक्लच, फेरीच्या दोरासाठी तुमचं नाव लिहून घेतलंय.