सीरम फाउंडेशनचा व्हिडिओ: थ्रीडी थेंब की खरा चेहरा? (बजेट ३५ हजार)

जावाजावा_नाशिक:
नमस्कार मंडळी. मी आणि माझी जाऊ मिळून एक सीरम फाउंडेशन बाजारात आणतोय. थर्ड पार्टीकडून बनवून घेतलंय. ३० मिलीची ड्रॉपरवाली बाटली, सहा शेड. आत नायसिनमाइड, स्क्वालेन, हायलुरॉनिक अ‍ॅसिड, म्हणजे अर्धं स्किनकेअर, अर्धा मेकअप. इन्स्टाग्रामसाठी ३० सेकंदांचा एक व्हिडिओ आणि त्यातूनच कापलेल्या दोन-तीन रील्स हव्यात. सगळं धरून ३५ हजार, वर एक रुपया नाही. एका एजन्सीने थ्रीडीचा नमुना दाखवला: सोनेरी थेंब हवेत गिरकी घेतो, फुटतो, त्यातून निळे गोळे त्वचेच्या थरांत उतरतात आणि चेहरा उजळतो. जाऊबाई फिदा. मला वाटतं खऱ्या चेहऱ्यावर शूट करावं. कोणी केलंय का? कृपया बजेटमध्ये बसेल तेच सांगा.

टेबलटॉप_दादा:
थ्रीडीचा नाद सोडा. मी मुंबईत जाहिरातींच्या टेबलटॉप शूटवरच (म्हणजे टेबलावर वस्तू ठेवून जवळून घेतलेले शॉट) असतो. फँटम कॅमेरा भाड्याने घ्या, सेकंदाला हजार फ्रेम. थेंब पडल्यावर जी कोर उठते ना, ती बघतच राहाल. दीड-दोन लाखांत बसवून देतो, ओळखीत.

जावाजावा_नाशिक:
दादा, ३५ हजार. पस्तीस.

टेबलटॉप_दादा:
वाचलं हो. पण एकदाच करायचं तर नीट करा.

ऐरोली_फास्ट:
मी अशीच एक रील बघून स्किन टिंट (हलका, पातळ फाउंडेशन) घेतला होता. रीलमध्ये लावल्या लावल्या काय तो ग्लो! माझ्या तोंडावर मात्र ऐरोलीला गव्हाळ आणि दादरला पोचेपर्यंत विटकरी. ऑफिसात एकीने विचारलं, बरं नाहीये का म्हणून. त्यामुळे माझं मत: व्हिडिओच करू नका, सॅम्पल वाटा.

लग्नसराई_फिल्म्स:
फँटमची काय गरज? हल्ली चांगल्या फोनमध्येही सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन असतो. सेकंदाला २४ फ्रेमने चालवला की एका सेकंदाचे दहा होतात, थेंबाला तेवढे पुष्कळ. फक्त साध्या एलईडीखाली करू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, दिवे सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, स्लो मोशनमध्ये अख्खी फ्रेम धडधडते. एका मंगल कार्यालयात अंतरपाट दूर होतानाचा शॉट माझा असाच गेला. नवरीच्या वडिलांनी अजून शेवटचा हप्ता दिलेला नाही. पण कामं भरपूर आहेत आपल्याकडे, पेज बघा.

फोकस_पुलर:
शटर (एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) १/१०० सेकंदावर ठेवलं की फ्लिकर, म्हणजे ही धडधड, जाते. एवढं साधं आहे.

लग्नसराई_फिल्म्स:
साध्या शूटमध्ये जातो. २४० फ्रेमला शटर १/२४० च्या खाली येऊच शकत नाही, तिथे कुठून आणणार १/१००? उन्हात करा नाहीतर फ्लिकर-फ्री लाइट भाड्याने घ्या. आणि फ्लॅश मारून एक फोटो आधी काढून बघा. टायटॅनियम डायऑक्साइड (पांढरा रंग) जास्त असेल तर फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक येतो, गळा वेगळा. रिसेप्शनचे फोटो बघून बायका मेकअपवालीला शिव्या घालतात, त्याचं कारण पुष्कळदा हे.

सदाशिव_पेठी:
आमच्या आईकडे अफगाण स्नो असायची. १९१९ सालापासून मुंबईत बनत होती. तिला ना थेंब लागले ना गोळे. तुम्ही आधी वस्तू चांगली करा, लोक विचारत येतील.

ऐरोली_फास्ट:
काका, ती लावून चेहरा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसायचा, आजीचे फोटो आहेत माझ्याकडे. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

रसायन_रेवडी:
मी कॉस्मेटिक फॉर्म्युलेशनमध्ये आहे. थ्रीडी करा की फोनवर करा, ते निळे गोळे तेवढे काढा. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत तरी ती हालचालच दावा करते की आमचा माल कातडीच्या खालच्या थरांत जाऊन काम करतो. हायलुरॉनिकचे मोठे रेणू वरच बसून पाणी धरून ठेवतात. नायसिनमाइडचा फरक दिसायला आठवडे जातात. तीन सेकंदांत जो चेहरा एकसारखा होतो ती करामत टायटॅनियम डायऑक्साइड आणि आयर्न ऑक्साइडची, म्हणजे निव्वळ रंगाची. गोळे उतरले आणि लगेच चेहरा उजळला असं जोडून दाखवलं की बघणारीला वाटतं सीरमने केलं. दोन्ही वेगळे दाखवा. रंग कसा बसतो तो एक शॉट, आणि आत काय काय आहे ते सरळ अक्षरांत, टक्केवारीसकट.

दुसरं म्हणजे पातळ सीरमात रंग तळाशी बसतो. शूटच्या टेबलावर बाटली जरा वेळ उभी राहिली की ड्रॉपरमध्ये वरचं तेलकटच येतं, थेंब हातावर टेकला की भोवती पिवळसर कडं धरतं. दर टेकच्या आधी हलवा. किंबहुना हलवतानाचाच शॉट घ्या, आत काचेला रंग चिकटून खाली ओघळतो तो सुंदर दिसतो. गिऱ्हाइकालाही वापरायची रीत आपोआप कळते.

ऐरोली_फास्ट:
मग माझं विटकरी का झालं?

रसायन_रेवडी:
चेहऱ्याचं तेल आणि घाम रंगात मिसळला, वरचं पाणी उडून गेलं की शेड गडद दिसते. म्हणून लावल्यावर लगेच क्लिप कापू नये. वीसेक मिनिटांनी त्याच खिडकीत, त्याच अंतरावरून पुन्हा घ्या. शेड टिकत असेल तर याहून मोठी जाहिरात नाही.

फोकस_पुलर:
+१. आणि टिकत नसेल तर शूटच्या आधी कळलेलं बरं.

कलम_कसाई:
वरच्या मुद्द्याला जोडून. २०११ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने लोरेआलच्या दोन फाउंडेशनच्या जाहिराती बंद केल्या. लॅन्कोमची ज्युलिया रॉबर्ट्‌सवाली आणि मेबलिनची ख्रिस्टी टर्लिंग्टनवाली. तक्रार केली होती जो स्विन्सन या खासदारबाईंनी. त्वचा दिसते ती फाउंडेशनमुळे की कॉम्प्युटरवरच्या सफाईमुळे, हे कंपनीला दाखवून देता आलं नाही. २०२१ मध्ये तिथेच इन्फ्लुएन्सरांनाही सांगितलं गेलं की सौंदर्यप्रसाधनाचा परिणाम फुगेल असा फिल्टर जाहिरातीत वापरायचा नाही. तेव्हा रॉ फुटेज पुसू नका, ग्रेडिंगच्या (रंग सुधारण्याच्या) आधीची फाइल वेगळी ठेवा.

सदाशिव_पेठी:
नाशिकच्या बाईंना ब्रिटनचे कायदे कशाला?

कलम_कसाई:
इथलेही आहेत की. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. शिवाय कुणा इन्फ्लुएन्सरला पैसे किंवा फुकट बाटली दिलीत तर ती जाहिरात आहे हे तिने सुरुवातीलाच लिहायला हवं. अ‍ॅस्कीने (जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था) २०२१ पासून तसं ठरवलंय.

मार्केटिंग_मामा:
कायदे वगैरे ठीक, पण आपल्याकडे उजळ दाखवल्याशिवाय खपत नाही, हे सत्य आहे. वीस वर्षं या लाइनमध्ये आहे.

सावळी_सई:
म्हणूनच २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'ला नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' करावं लागलं ना, मामा?

मार्केटिंग_मामा:
नाव बदललं, खप बंद झाला का?

सावळी_सई:
विषय तो नाही. ताई, सहा शेड आहेत तर सहा माणसं घ्या. एकाच गोऱ्या मनगटावर सहा पट्टे ओढलेले व्हिडिओ बघून माझ्यासारखीने काय समजायचं? घरातल्याच घ्या. जाऊ, नणंद, शेजारीण, कामाला येणाऱ्या मावशी (त्यांना पैसे देऊन, फुकट नको).

(पुढचे ११ प्रतिसाद गोरेपणा, विवाहजुळणीच्या जाहिराती आणि एका मालिकेतल्या सासूच्या मेकअपवरून झालेल्या भांडणामुळे दुसऱ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

बिनधास्त_बाई:
वर कोणी सांगितलंय की नाही माहीत नाही, सगळं वाचायला वेळ नाही. पण स्लो मोशन करणार असाल तर लाइट फ्लिकर होतात हं!

लग्नसराई_फिल्म्स:
सांगितलंय.

फोकस_पुलर:
बजेट खरंच पाळून सांगतो. उत्तरेकडची खिडकी, तिला पातळ पांढरा पडदा, समोरच्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलचा बाउन्स. मॉडेलला खिडकीशी काटकोनात बसवा. आडवा उजेड पडला की गालावरची लव आणि रोमछिद्रं दिसतात आणि फाउंडेशन त्यांच्यावर कसं बसतं ते खरं दिसतं. समोरून रिंग लाइट मारलात तर सगळं सपाट. फोनचा ब्युटी मोड बंद, व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणारी सेटिंग) लॉक, नाहीतर ढग आला की शेड बदलेल. चेहरा अख्खा नको, नाकापासून कानापर्यंतचा गाल फ्रेमभर घ्या. इन्स्टाग्राम फाइल दाबतं, लांबच्या शॉटमधली त्वचेची पोत पार मेणासारखी होऊन जाते. अगदी जवळून घेणारी मॅक्रो लेन्स एक दिवस भाड्याने मिळेल. अक्षरं मात्र अगदी वर आणि अगदी खाली ठेवू नका, बटणांखाली जातात.

सावळी_सई:
वाखुसा (वाचनखूण साठवली).

टेबलटॉप_दादा:
हे सगळं फोनवर करणार? मग थेंब कसा दाखवणार?

फोकस_पुलर:
थेंब नाही दाखवला तर काय होतं? लोक चेहऱ्याला लावणार आहेत, हवेत फिरवणार नाहीत.

टेबलटॉप_दादा:
थेंबावरच तर इंडस्ट्री उभी आहे राव.

जावाजावा_नाशिक:
सगळ्यांचे आभार, दादांचेसुद्धा. निर्णय झाला. थ्रीडीच करतोय.

थांबा, ऐका. आमचा डिस्ट्रिब्युटर म्हणाला, थेंबाशिवायचा व्हिडिओ घेऊन दुकानात गेलो तर दुकानदार घरगुती माल समजून मागच्या फळीवर ढकलतो. शेवटी बाटल्या तोच उचलणार आहे. एजन्सीला निळे गोळे काढायला सांगितले तर म्हणाले, तेवढे काढले तर मग उरतं काय! थोडी घासाघीस झाली. त्वचेचे थर आणि गोळे गेले. थेंब राहिला, तो नुसता काचेवर पडतो आणि पसरतो, उजळणारा चेहरा नाही. २८ हजारांत ठरलं. उरलेल्या सात हजारांत मॅक्रो लेन्स आणि खिडकी, ते आम्ही घरीच करतो. डिस्ट्रिब्युटरला थेंब पाठवू, इन्स्टाग्रामवर गाल टाकू. मावशी तयार आहेत, त्यांनी आधी विचारलं पैसे किती.

टेबलटॉप_दादा:
२८ हजारांत थ्रीडी? थेंब प्लास्टिकचा दिसेल, लिहून ठेवा.

रसायन_रेवडी:
गोळे गेले ना, मग माझी हरकत नाही. बाटली हलवायला विसरू नका.

सदाशिव_पेठी:
मग धागा काढलात कशाला?

ऐरोली_फास्ट:
ताई, ती वीस मिनिटांनंतरची क्लिप तेवढी इथे टाका. आणि गव्हाळला कोणती शेड, तीन की चार?