बंद खोलीतली शेगडी आणि सकाळची डोकेदुखी

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर):
आमच्या जुन्या घरात पौषाच्या थंडीत सासूबाईंच्या खोलीत रात्री कोळशाची शेगडी ठेवण्याची पद्धत आहे. धूर पुरता ओसरून निखारे लाल झाले की मगच ती आत नेतो आणि दाराखालच्या फटीत जुनी गोधडी सारतो. गेले तीन दिवस सासूबाई आणि त्यांच्याजवळ निजणारी माझी मुलगी, दोघींचेही डोके सकाळी ठणकते, मळमळते, आणि दुपारपर्यंत आपोआप बरे वाटते. धूर नसताना असे का व्हावे?

उत्तर १:
ताई, आज रात्री शेगडी आत नेऊ नका, ही कळकळीची विनंती. बिनधुराच्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटत असल्याने शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. एका खोलीत निजणाऱ्या दोघींना एकदमच त्रास होतो आणि बाहेर वावरल्यावर तो ओसरतो, यावरून मला तरी हाच संशय येतो. झोपेत प्रमाण वाढले तर माणसाला जागच येत नाही. दोघींना आजच डॉक्टरांकडे न्या आणि शेगडीचा उल्लेख आवर्जून करा.

उत्तर २:
बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मात्र विसंबू नका. प्राणवायू आणि हा वायू यांतला फरक त्या यंत्राला कळत नाही, त्यामुळे विषबाधा झालेली असतानाही आकडा 98 दिसू शकतो. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी असते. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, तर शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे एक-दीड तास. कोणी बेशुद्ध आढळल्यास आधी उघड्यावर आणा आणि 108 वर फोन करा.

उत्तर ३:
गॅस गीझरचेही असेच आहे. आमच्याकडे थंड वारा येतो म्हणून न्हाणीघराचा झरोका पुठ्ठ्याने बुजवला होता. भाचा अंघोळीला गेला आणि हाका मारूनही ओ देईना, तेव्हा दार तोडावे लागले. तो वाचला. त्यानंतर आम्ही गीझर बाहेरच्या सज्जात हलवला.

प्रश्नकर्ती:
सर्वांची ऋणी आहे. दोघींना घेऊन आत्ताच निघते आहे. शेगडी अंगणात काढली आणि गोधडीही दाराखालून ओढून टाकली.