लात्व्हियाने रशियन भाषिकांना नागरिकत्व नाकारलं हे चूकच होतं

रानवारा:
बाल्टिक देश, म्हणजे एस्टोनिया, लात्व्हिया आणि लिथुआनिया, म्हटलं की सगळे २३ ऑगस्ट १९८९ ची मानवी साखळी सांगतात. ताल्लिन ते रिगा ते व्हिल्नियस अशा तिन्ही राजधान्या जोडत, सहाशेच्या वर किलोमीटर, वीसेक लाख माणसं हातात हात धरून उभी, आणि तारीखही मुद्दाम निवडलेली कारण बरोबर ५० वर्षांपूर्वी हिटलर-स्टालिनने हे देश परस्पर वाटून घेतले होते. मलाही ती साखळी फार आवडते. पण पुढचं कोणी बोलत नाही. ३ मार्च १९९१ ला लात्व्हियात सोव्हिएत संघापासून स्वातंत्र्यावर मतदान झालं, तिथे राहणाऱ्या सगळ्यांना मत होतं आणि ७४ टक्के हो म्हणाले. लात्व्हियन तेव्हा जेमतेम ५२ टक्के, म्हणजे कितीतरी रशियन भाषिकांनीही हो म्हटलं ना? आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ठरलं की १७ जून १९४० च्या, म्हणजे सोव्हिएत ताब्याच्या आधीचे नागरिक आणि त्यांचे वंशज तेवढेच नागरिक. बाकी सात लाखांच्या आसपास माणसं लटकली. पुढे त्यांना जांभळा पासपोर्ट दिला, वर छापलंय 'अनागरिक'. मत नाही, अगदी नगरपालिकेलाही नाही. गरज होती तेव्हा मत चाललं आणि नंतर माणूस चालेना? शेजारच्या लिथुआनियाने १९८९ च्या कायद्यात राहणाऱ्या सगळ्यांना दार उघडं ठेवलं, काय बिघडलं त्यांचं?

सुमेधा_स:
पूर्ण असहमत. लिथुआनियात लिथुआनियन ८० टक्के होते, त्यांना परवडलं. लात्व्हियन १९३५ ला तीन चतुर्थांश होते ते १९८९ ला निम्म्यावर आले, रिगात तर स्वतःच्याच राजधानीत अल्पसंख्य. हे आपोआप झालं का? मार्च १९४९ मध्ये सोव्हिएत सत्तेने चार दिवसांत तिन्ही देशांतून नव्वद हजार माणसं गुरांच्या डब्यात कोंबून सायबेरियाला धाडली, त्यात बायका-पोरंच जास्त, आणि मग कारखाने काढून बाहेरून कामगार आणले, लष्करी अधिकारी रिटायर होऊन तिथेच राहिले. आणि हा कायदा वंशावर नव्हता हो, ज्या रशियन घरांकडे १९४० आधीचं नागरिकत्व होतं त्यांना सरळ मिळालं. १९४० चा तो सोव्हिएत ताबाच बेकायदेशीर, अमेरिकेने शेवटपर्यंत मान्य केला नाही. शिवाय ऑगस्ट १९९४ पर्यंत रशियन फौज तिथे बसून होती, अशा वेळी कोण एवढा धोका पत्करेल?

रानवारा:
सुमेधाताई, १९४९ चं दुःख कोण नाकारतंय. पण १९७५ ला रिगात जन्मलेल्या मुलाने कोणाला सायबेरियाला धाडलं? आणि १९९४ च्या नागरिकत्व कायद्यात अर्जसुद्धा वयोगटानुसार, तुमचा नंबर लागेपर्यंत थांबा! ती अट ऑक्टोबर १९९८ च्या मतदानात लात्व्हियन नागरिकांनीच काढून टाकली, म्हणजे त्यांनाही ते पटलं नव्हतं.

जुना_वाचक:
दोघांचं थोडं थोडं पटतंय. नागरिकत्वासाठी लात्व्हियन भाषेची परीक्षा मला रास्त वाटते, दहा-वीस लाख लोकांची भाषा आहे, सरकारने नाही जपली तर कोण जपणार. पण एस्टोनियाने अशाच लोकांना स्थानिक निवडणुकीत मत दिलं होतं, तेवढं तरी लात्व्हियाला जमायला हवं होतं. आपल्या वॉर्डातल्या शाळेवर, बसवर मत नाही म्हणजे तो माणूस त्या शहराला आपलं का म्हणेल?

सुमेधा_स:
एस्टोनियाचा मुद्दा मान्य. बाकी नाही. परीक्षा द्या, नागरिक व्हा, दार १९९५ पासून उघडं आहे. लाखाच्या वर लोक झालेही. १९९५ ला अनागरिक तीस टक्क्यांच्या जवळ होते, आता दहाच्या खाली.

रानवारा:
त्यातले सगळे परीक्षा देऊन कमी नाही झाले. बरेच म्हातारे होऊन गेले, बरेच देश सोडून गेले. आणि अनागरिकांच्या पोटी जन्मलेल्या बाळाला आपोआप नागरिकत्व मिळायला २०२० उजाडलं, ती तीस वर्षं कशाच्या भीतीने घालवली ते सांगा.